आक्कासाठी आणलेलं पाणी

परभणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मला डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली, तेव्हा आमच्या वस्तीत पहिला पगारदार मीच होतो. गाव गंगाखेडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी. आमच्याकडे तिला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नोकरी लागल्यावर वर्षभरात मी मायला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, परभणीला माझ्या खोलीवर आणलं. मायला सुख द्यावं म्हणून आणलं असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण आक्काचं दुखणं होतं.

आक्काला पालमकडं दिली होती. दम लागतो, पाय सुजतात, शेतातलं काम होत नाही, म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडली आणि परत न्यायला कुणी आलं नाही. परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लहानपणी सांधे धरून ताप आला असेल. हृदयाची झडप गेलीय. मुंबईला याचं ऑपरेशन होतं, पण आता तिला ते सोसणार नाही. प्रवास तर करूच नका. आहेत ते दिवस समाधानात जाऊ द्या."

मी घरी येऊन मायला सांगितलं की औषधानं फरक पडेल. आक्काला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

मी शिकलो तो आक्कामुळे. बाप लवकर गेला. आक्का चौथी पास झाली त्या वर्षी मायच्या एकटीच्या मजुरीत घर भागेना. दोघांपैकी एकाला शाळा सोडावी लागणार होती. तिनं आपणहून दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं आणि मायबरोबर खुरपायला जायला लागली. पण शिकण्याची हौस तिची गेली नाही. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापताना ती मला पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायची. भूगोल तिला सगळ्यात आवडायचा. समुद्राचा धडा तिनं मला इतक्यांदा वाचायला लावला की माझा तो पाठच झाला. धडा संपला की तिचा प्रश्न ठरलेला असायचा.

"आन् त्याचा पल्याडचा काठ खरंच दिसत न्हाई का रे?"

"पुस्तकात तसंच लिवलंय."

"पुस्तकात काय, काहीबी लिवत्यात," ती म्हणायची. तिला ते खरंच पटत नसे. आमच्या गंगेला पूर आला तरी पल्याडची झाडं दिसायची.

परभणीला आल्यावर आजारपणात पडून पडून तिला तो समुद्र पुन्हा आठवायला लागला. एकदा ती मला म्हणाली, "तुजी पोरं समुद्राला जायलीत म्हन. मला एक डाव दाखव की रं भाऊ." आमच्या विभागाची सहल दरवर्षी रत्नागिरीला जायची, ते तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मी हो म्हणालो. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, तरी हो म्हणालो.

आमचे विभागप्रमुख मूळचे कोकणातले होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. घरापासून इतक्या लांब, उन्हाच्या मुलखात ते कसे रमले होते कोण जाणे. सहलीच्या आधी मी त्यांना आक्काबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना तिकडे नेता येत नाही ना? मग आपण इकडे आणू." विभागात एक मोठी काचेची टाकी होती. तिच्यात समुद्राचं पाणी भरून मुलांना जिवंत प्राणी दाखवायचे, असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. अडगळीत एक लहान टाकीही पडून होती, लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत लांबीनं, म्हणजे पुटीनं, काचा चिकटवलेली. ती त्यांनी मला दिली.

त्या वर्षी रत्नागिरीहून परत येताना आमच्या एसटीत माणसांपेक्षा डबे जास्त होते. खडकातल्या डबक्यांमधून धरलेले लहान मासे, दगडाला चिकटलेली समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे. माशांना हवा मिळावी म्हणून मुलं पाळीपाळीनं सायकलच्या पंपानं डब्यांत हवा सोडत होती. घाटात एका मुलाला उलटी आली, तरी त्यानं पंप दुसऱ्याच्या हातात दिल्यावरच खिडकी गाठली. कंडक्टर म्हणाला, "इतकी सेवा मायबापाची केली असती तर पुण्य लागलं असतं." मुलं हसली. मीही हसलो, पण माझं सगळं लक्ष पायांशी धरलेल्या डब्याकडे होतं.

आक्काच्या खाटेजवळ, खिडकीखाली, मी टाकी मांडली. चौकटीला गंज चढू नये म्हणून आतून डांबर लावून घेतलं होतं. तळाशी गंगेची वाळू टाकली. हवेसाठी कॉलेजातल्यासारखा विजेचा पंप माझ्याकडे नव्हता. सरांनी युक्ती सांगितली. ट्रकची जुनी ट्यूब हवेनं गच्च भरायची, तिला बारीक नळी जोडायची आणि नळीला चिमटा लावून हवा थोडी थोडी पाण्यात सोडायची. ट्यूब भरायला मला रोज कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे जावं लागे. ते मला पाहिलं की पंप पुढं करायचे.

"आव मास्टर. गाडी का पता नहीं, और ट्यूब रोज भरते."

"माशांसाठी आहे, चाचा."

"मालूम है. सारे मोहल्ले कू मालूम है. यहाँ आदमी कू हवा नहीं मिल री, आप मछली कू खिला रे."

पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. आक्काला दम लागतो हे त्यांना ठाऊक होतं.

पाणी भरलं त्या दिवशी टाकीत काहीच दिसेना. वाळू मी पुरेशी धुतली नव्हती. दुसऱ्या दिवसापर्यंत ती खाली बसली आणि थोडा वेळ आक्काला एक खेकडा दिसला. शंख पाठीवर घेऊन तो काचेच्या कडेकडेनं चालला होता. ती उशीवरून मान उचलून बघत राहिली.

"हे त्याचं घर हाय?"

"हो. जिथं जाईल तिथं घेऊन जातो."

"याचं बरं हाय बाई," ती मायकडे बघून म्हणाली. "याला कोन आनून सोडतंय."

माय लुगड्याच्या पदरानं उगाच टाकीची काच पुसत राहिली.

त्यानंतर मात्र पाणी पुन्हा बिघडलं. या वेळी मातीसारखं नाही, दुधात पाणी घातल्यासारखं. सकाळी कामाला जाताना जरा धुरकट दिसायचं, संध्याकाळी आलो की पांढरं. मासे काचेजवळ आले तर सावलीसारखे दिसत आणि लगेच नाहीसे होत. दगडावरचं समुद्रफूल तर दिसतच नव्हतं. आक्का दिवसभर त्या पांढऱ्या पाण्याकडे तोंड करून पडलेली असायची. मी आलो की विचारायची, "आज तरी निवळंल का रे?"

मी सरांना विचारलं. ते घरी येऊन बघून गेले. दगडाला चिकटलेला एक शिंपला मरून कुजला होता, तो त्यांनी काढला. थोडं पाणी बदललं. मग आक्काशी बोलत खाटेच्या कडेला बसले. ती उठायला लागली तर म्हणाले, "पडून राहा, ताई. नवीन पाणी असं दुधाळ होतंच. डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात त्यात. त्यांचं त्यांनाच पुरेनासं झालं की पाणी आपोआप निवळतं. फक्त कुणी त्यात हात घालायचा नाही. धीर धरायचा."

"किती दिस?" आक्कानं विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "थोडे," ते म्हणाले.

ते गेल्यावर मायनं भांडी आवरता आवरता विचारलं, "तुजे सर शिकलेले हायत, मला मान्य हाय. पर पानी आपोआप कवा निवळलंय रे? पानी बसवावं लागतंय."

तिचं हे बोलणं समजायला आमच्या वस्तीचं पाणी माहीत पाहिजे. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होतो. घरातले जुने देव माय स्वतः गंगेत सोडून आली. पण गावातली विहीर त्यानंतरही कित्येक वर्षं आमची नव्हती. नदीवर आमची जागा खालच्या अंगाला होती. वर गावकऱ्यांचा पाणवठा, त्याच्या खाली गुरं धुण्याची जागा, आणि त्याच्याही खाली आम्ही. वर जे धुतलं जाई ते आमच्या घागरीत येई. पावसाळ्यात तर त्या पाण्यात घातलेला हात दिसत नसे. ते पाणी पिण्याजोगं करणं हे आमच्या वस्तीतल्या बायांचं रोजचं काम होतं, आणि त्यात मायचा हात धरणारी कुणी नव्हती. दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा ती रांजणात सोडायची, मोजके वेढे फिरवायची आणि काढून घ्यायची. एक वेढा जास्त झाला तर पाणी तोंडात तुरट लागतं, कमी झाला तर गाळ बसत नाही. लग्नकार्यात वस्तीतली माणसं मायला बोलावणं पाठवायची, ते पाणी बसवायलाच. तिला तेवढाच एक मान होता. पावसाळ्यात गावात हगवण यायची, घरोघरची पोरं जायची. आम्ही दोघं जगलो. माय म्हणायची, "म्या पानी बसवलं म्हनून."

हे सगळं मला ठाऊक होतं. पण काचेच्या टाकीशी मी ते कधी जोडलं नाही. माझ्या मनात ते प्रयोगशाळेतलं पाणी होतं. मायच्या दृष्टीनं ते गढूळ पाणी होतं आणि समोर तिची लेक तहानलेली होती.

आक्काचा दम त्या दिवसांत वाढत चालला होता. तिला आडवं झोपता येईना. भिंतीला उशा लावून ती बसून राहायची, बसल्या बसल्याच डोळा लागायचा. एका सकाळी मी कॉलेजला निघालो तेव्हा तिनं पाण्याचं विचारलंसुद्धा नाही. नुसती टाकीकडे बघत होती. माय दारापर्यंत माझ्या मागं आली.

"सरनं थोडे दिस म्हनले व्हते."

"हो माय. होईल."

"तिच्याकडं हायत का तेवढे?"

मी तिला खरं कधीच सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजही नव्हती हे मला त्या दारात कळलं. प्रात्यक्षिकाची वेळ झाली होती, मी निघालो.

दुपारी परत आलो तेव्हा खोलीत काहीतरी बदललंय एवढंच आधी जाणवलं. खिडकीतून आलेलं ऊन टाकीतून आरपार जाऊन खालच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं होतं आणि हलत होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. टाकीत पाणी आहे की नाही असं वाटावं इतकं. आक्का उशांना टेकून ताठ बसली होती. कितीतरी दिवसांत मी तिला तशी पाहिली नव्हती. माय खाली बसून ज्वारी निवडत होती आणि तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"बसलं बघ पानी," ती म्हणाली. "तुज्या सरला सांग."

मी टाकीजवळ गेलो. वाळूवर, दगडांवर, सगळीकडे कापसासारखा पांढरा गाळ बसला होता. समुद्रफूल आखडून बटणाएवढं झालं होतं. मासे वर पाण्याच्या तोंडाशी येऊन तोंडं उघडत होते. एक खेकडा शंखाच्या बाहेर पडून वाळूवर पडला होता. त्याचं मागचं मऊ अंग उघडं होतं. शंखातला खेकडा जिवावर बेतल्याशिवाय घर सोडत नाही, हे मी मुलांना शिकवत असे.

"तुरटी?" मी विचारलं.

"मोठा खडा आनला. रांजनापरीस मोठं हाय ना हे. आन् खारं पानी, त्याला जास्तच लागनार." माय सुपातली ज्वारी पाखडत उत्साहानं सांगत होती. "फिरवला आन् बसले. घडीभरात बघ कसं झालं. हिनं समदं पाह्यलं. इचार तिला."

आक्कानं मान हलवली. माय सूप बाजूला ठेवून घागर घेऊन उठली. सार्वजनिक नळाला दुपारी थोडा वेळ पाणी यायचं, त्याची वेळ झाली होती. ती गेली आणि आक्का हळू आवाजात म्हणाली, "मरायलेत ना रे ते?"

मी वाकून वाळूवरच्या खेकड्याकडे बघितलं.

"मला कळलं. ते घर सोडून भाईर आलं तवाच कळलं." तिला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं. "पर सकाळी लय साजरं होतं, भाऊ. ते फूल उघडं होतं. बोटंच बोटं त्याला, आन् हालायली वाऱ्यानं हालावी तशी. पान्यात वारा कुठून आला? मासे निळे हायत, मला वाटलं काळे. तू का सांगितलं न्हाईस निळे हायत म्हनून?"

"मलाच दिसले नव्हते नीट."

"मायला सांगू नको," ती म्हणाली. "तिला म्हन, कालेजात लागत होते, नेले. आताच ने, ती यायच्या आत."

मी बादलीत उरलेलं समुद्राचं पाणी घेतलं. डब्यात थोडं शिल्लक होतं. एकेक करून सगळे त्यात घातले. खेकड्याला उचलताना त्यानं माझ्या बोटाला नांगी लावली, पण तिच्यात जोर नव्हता. आक्का बघत होती. "हळू," एवढंच म्हणाली.

कॉलेजात सरांनी बादलीत बघितलं आणि काही न विचारता सगळे मोठ्या टाकीत सोडले. मी तुरटीचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसत राहिले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "हात घालू नका म्हणालो. तुरटी घालू नका असं काही माझ्या मनात आलं नाही. आमच्याकडे समुद्राच्या पाण्यात तुरटी घालायचं कुणाला सुचणारच नाही. तुमच्याकडे का सुचेल, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही."

मासे संध्याकाळपर्यंत गेले. समुद्रफूल पुन्हा उघडलं नाही. एक खेकडा तेवढा त्या टाकीत बरेच दिवस जगला. सर पुढच्या सहलीत पुन्हा आणू म्हणाले. पुढची सहल आमच्यासाठी नव्हती, हे त्यांनाही कळत होतं.

मायनं माझं सांगणं खरं मानलं. "नेले व्हय?" ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "असू दे. पोरांच्या शिक्षनाला लागत्यात." रिकामी टाकी तशीच राहू दे असं आक्कानंच सांगितलं. त्या स्वच्छ पाण्यात मी सहलीहून आणलेले शंख-शिंपले ठेवले. माय रोज काच पुसायची आणि मायलेकी तिकडे बघत बोलत बसायच्या. त्या बोलण्यात आक्का तिला पुन्हा पुन्हा त्या सकाळचं सांगायची. फूल कसं उघडं होतं, मासे कसे निळे होते. दम लागत असतानाही सांगायची. ती कुणासाठी सांगत होती ते मला कळत होतं.

चैत्रात आक्का गेली. दुपारची वेळ होती. मायच्या मांडीवर डोकं होतं.

गावाहून माणसं भेटायला आली. बाया मायच्या गळ्यात पडून रडत होत्या. पोरीनं काहीच पाहिलं नाही, सुखाचा एक घास खाल्ला नाही, असं म्हणत होत्या. माय रडता रडता थांबली आणि म्हणाली, "असं म्हनू नका. माज्या लेकीनं समुद्र पाह्यला. लेकानं घरी आनला आन् म्या पानी बसवून दिलं." बायांना काही उमजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हणालो.

त्यानंतर मला बढती मिळाली, लग्न झालं, मुलं झाली. कॉलेजनं, सरांनी, माझ्या वस्तीनं मला जे दिलं त्याची फेड माझ्याकडून होण्यासारखी नाही. आक्का गेल्यावर आठ-दहा वर्षांनी एका सहलीत मी मायला रत्नागिरीला नेलं. ती आता थकली होती, पण चालत होती. आम्ही पोचलो त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. लाटा वाळू उकरून आणत होत्या, आणि काठाचं पाणी दूरपर्यंत मातकट झालं होतं. मी तिचा हात धरून तिला पाण्यापर्यंत नेलं. ती बराच वेळ उभी राहिली. पल्याडचा काठ शोधत असावी असं मला वाटलं. मग ती वाकली, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि सोडून दिलं.

"तिनं पाह्यला तो यापरीस साफ होता," ती म्हणाली.

"हो माय," मी म्हणालो. "लय साफ होता."